बाळाचा उजवा कान अर्धाच आहे, आत्ताच ऑपरेशन करून घेऊ का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. घाई कशाची करायची आणि कशाची नाही, हे तुमच्या घरात पार उलटंपालटं झालंय, तेवढं आज सरळ करूया.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई सांगली जिल्ह्यातल्या, पहिलंच बाळ, मुलगा, नोव्हेंबरच्या मध्यावर झाला, आता चार महिन्यांचा आहे. डावा कान छान आहे. उजव्या कानाच्या जागी खाली पाळीसारखा मऊ लोंबता भाग आणि वर शेंगदाण्याएवढी वाकडी कूर्चा, म्हणजे कानात असतो तो लवचिक, हाडाहून मऊ भाग, भोक नाहीच. गावातले डॉक्टर म्हणाले सहा वर्षांचा झाला की बघू. शहरात एका ठिकाणी सांगितलं लगेच भोक पाडून घ्या नाहीतर मुका राहील. मिस्टर रोज रात्री मोबाइलवर तीन वर्षांच्या मुलांना बसवलेले कान आणि प्रिंटरवर छापलेले कान बघत बसतात. सासूबाई म्हणतात 7 सप्टेंबर 2025 च्या चंद्रग्रहणात सुनेनं वेध पाळले नाहीत, संध्याकाळी विळीवर भाजी चिरली, म्हणून बाळाचा कान कापला गेला. आणि बाळाच्या डोक्यावरचं टोपडं जन्मापासून फारसं निघालेलंच नाही, बारशालासुद्धा आत्याने टोपड्याची डावी कड जराशी वर करून त्या कानात नाव सांगितलं आणि कुर्रर्र केलं.

आधी विळीचं बघू, कारण पत्रात सगळ्यात जास्त ओळी तुम्ही त्यावर लिहिल्यात आणि मला वाटतं रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच. बाहेरचा कान पोटात फार लवकर तयार होतो. गर्भ जेमतेम सहा आठवड्यांचा असतो तेव्हा मानेच्या वरच्या भागात सहा बारीक उंचवटे येतात, ते एकमेकांत मिसळत मिसळत कानाचा आकार धरतात आणि तिसरा महिना संपेपर्यंत कानाची घडण बहुतेक झालेली असते, पुढे तो फक्त मोठा होतो. तुमचं बाळ नोव्हेंबरमध्ये झालं, म्हणजे त्याचा कान घडला एप्रिल-मे महिन्यात. सप्टेंबरच्या त्या संध्याकाळी तुम्ही विळीवर बसलात तेव्हा तो कान असाच होता, चार महिने आधीपासून असाच होता. हा हिशोब सासूबाईंसमोर वहीत मांडून दाखवा, भांडायला नको, शांतपणे महिने मोजून दाखवा. माझ्या ओपीडीत ग्रहणाची गोष्ट सांगणाऱ्या आज्या पुष्कळ येतात आणि खरं सांगते, त्यातल्या बऱ्याच जणींना नातवंडाचं दुःख सहन होत नसतं म्हणून कुणावर तरी ढकलायचं असतं, महिने मोजून दाखवले की त्या गप्प होतात आणि मग मदतीलाही त्याच पुढे येतात.

याला मायक्रोशिया म्हणतात, म्हणजे लहान राहिलेला कान, आणि भोक नसण्याला अट्रेशिया. साधारण सहा ते बारा हजार बाळांत एकाला असं होतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त आणि डाव्यापेक्षा उजव्या बाजूला जास्त. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. काही औषधं कारण ठरू शकतात, उदाहरणार्थ पिंपल्सवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, आणि आईला गरोदरपणाआधीपासून आटोक्यात नसलेला डायबेटीस असेल तरी शक्यता वाढते. तुम्ही लिहिलंय यातलं काहीच नव्हतं. मग शोधत बसू नका. पुढच्या बाळाचं विचारलंय, तर घरात दुसऱ्या कुणाला असं नसेल आणि या बाळाला फक्त कानाचंच असेल तर बहुतेक वेळा ते पुन्हा होत नाही.

"फक्त कानाचंच असेल तर" असं म्हटलं, ते मात्र एकदा नीट बघून घ्यायला लागतं. कान आणि जबडा गर्भात एकाच भागातून येतात, म्हणून त्या बाजूचा गाल आणि जबडा थोडा लहान आहे का बघा, बाळ रडताना तोंडाचे दोन्ही कोपरे सारखे खाली जातात का बघा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पिवळट गाठ आहे का बघा. मोबाइलवर रडतानाचा एक व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो कारण दवाखान्यात बाळ नेमकं झोपलेलं असतं. पोटाची एक सोनोग्राफी करून दोन्ही किडन्या बघून घ्या, बालरोगतज्ज्ञांकडून हृदय आणि मणका तपासून घ्या. बहुतेक बाळांत हे सगळं नॉर्मल येतं. येऊ दे, एकदा कागदावर असलं की डोक्यातून जातं.

आता घाईचं काम. ते आहे डावा कान.

तुम्ही लिहिलंय "डावा कान चांगला आहे, ताट वाजवलं की दचकतो". ताई, ताटाचा आवाज इतका मोठा असतो की बऱ्यापैकी कमी ऐकू येणारं बाळही दचकतं, आणि टाळी वाजवली तर हवेचा झोत लागतो, सावली हलते, बाळ त्याच्यावरही बघतं. कान दिसायला छान आहे याचा अर्थ आत ऐकू येतंय असा होत नाही, आणि हे बाळ सध्या पूर्णपणे त्या एका कानावर अवलंबून आहे, म्हणून त्या कानाबद्दल अंदाज नको, रिपोर्ट हवा. जगभर एक साधा नियम पाळतात, एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. तुमच्या बाळाची जन्मल्यावर ओएई, म्हणजे नवजात बाळाच्या ऐकण्याची पहिली तपासणी झाली नाही आणि आता चौथा महिना आहे, म्हणजे या महिन्यातच बेरा टेस्ट करून घ्यायची, आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते डोक्याला पट्ट्या लावून बघतात ती. पुढच्या महिन्यात नको, कुणाचं लग्न उरकल्यावर नको. भाषा शिकण्याचं मेंदूचं काम आत्ता चालू आहे, बाळ अजून बोलत नाही म्हणून ते थांबलेलं नसतं.

बेरा सांगताना दोन गोष्टी आवर्जून म्हणा. डाव्या कानाची नेहमीची, हवेतून आवाज देऊन. आणि उजव्या बाजूची हाडातून, म्हणजे बोन कंडक्शन बेरा. बऱ्याच ठिकाणी उजव्या कानाला भोक नाही म्हणून "टेस्ट करता येत नाही" असं लिहून देतात, ते अर्धवट आहे. कानामागच्या हाडावर एक छोटं कंपन देणारं यंत्र टेकवून आतला कान तपासता येतो.

हे नीट समजायला एक करून बघा. दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि थोडा चिवडा चावा. बाहेरचा पंखा, टीव्ही सगळं बंद झालं तरी चिवड्याचा कुरकुर आवाज डोक्यात घुमतो की नाही? तो कानाच्या भोकातून आलेला नाही, जबड्याच्या आणि कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला गेलाय. आतला कान, ज्याला गोगलगायीसारखा आकार असतो तो, बाहेरच्या कानापेक्षा वेगळ्या ठिकाणाहून तयार होतो, म्हणून मायक्रोशियाच्या बहुतेक बाळांमध्ये तो व्यवस्थित असतो. दार लावलंय पण घरात माणूस आहे असं समजा. दार बंद असल्यामुळे त्या बाजूला साधारण 50 ते 60 डेसिबल कमी ऐकू येतं, म्हणजे आपलं साधं बोलणं त्या कानाला जेमतेम पोचतं किंवा पोचतच नाही.

आणि आत्ताचा उपाय या हाडातूनच आहे, चाकूची गरज नाही. डोक्याला बांधायचा एक मऊ इलॅस्टिकचा पट्टा येतो, त्यावर छोटं मशीन असतं, ते कानामागच्या हाडाला टेकतं आणि आवाज कंपनाने आत पाठवतं. सॉफ्टबँड म्हणतात. स्वीडनमधल्या ब्रॉनेमार्क यांना असं सापडलं होतं की टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो, त्याचा उपयोग करून 1977 साली तिथल्याच गोथेनबर्गच्या शेल्स्ट्रॉम नावाच्या कानाच्या सर्जननी पहिल्यांदा कवटीत छोटा स्क्रू बसवून त्यावर ऐकायचं मशीन लावलं. तो स्क्रू बसवायला कवटीचं हाड पुरेसं जाड लागतं, म्हणून लहान मुलांत साधारण पाच वर्षांनंतरच बसवतात, तोपर्यंत तेच मशीन पट्ट्यावर.

तुमच्या बाळाला तो पट्टा लागेलच का? डावा कान बेरामध्ये पूर्ण नॉर्मल आला तर बाळ त्या एका कानावर बोलायला शिकेल, बहुतेक मुलं शिकतात. "मुका राहील" हे ज्यांनी सांगितलं त्यांनी तुम्हाला उगाच घाबरवलं. अडचण वेगळी येते, आवाज कुठून आला ते कळत नाही, रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की चुकीच्या बाजूला बघतं, आणि गोंगाटात शिक्षकांचं बोलणं सुटतं. त्यासाठी पट्टा वापरून बघण्यासारखा आहे, बाळ मान धरून बसायला लागलं की ट्रायल घ्या, महिनाभर वापरून बघा, फरक तुम्हाला जाणवला तर घ्या. पण एकाच कानाचा प्रश्न असेल तर त्यासाठी दागिने मोडू नका किंवा कर्ज काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. डावा कानही कमी निघाला तर मात्र गोष्ट बदलते, मग पट्टा लगेच, त्याच आठवड्यात, आणि सोबत स्पीच थेरपी. दोन्ही कान बंद असलेल्या बाळांना तर मी चौथ्या महिन्यातही थांबू देत नाही.

टेस्ट कुठे करायची? तुमच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डीईआयसी सेंटर आहे का, तिथे आधी विचारा, जन्मतः दोष असलेल्या मुलांच्या तपासणीसाठीच ते असतं, अंगणवाडीत येणाऱ्या टीमकडूनही तिथली चिठ्ठी मिळते. मुंबईला कुणी नातेवाईक असेल तर बांद्र्याला अली यावर जंग ही श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. दिव्यांग सर्टिफिकेटचं विचारलंय, तर 2016 च्या कायद्यात ऐकण्याची अक्षमता दोन्ही कान धरून मोजतात, डावा कान नॉर्मल असेल तर त्यामागे फेऱ्या मारू नका.

आता डावा कान जपायचा कसा, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमी आहे. अंघोळीनंतर कानात तेल घालायचं नाही, कोमट करून नाही, लसूण घालून नाही, मालिशवाल्या मावशींना अगदी पहिल्या दिवशीच सांगून टाका. पिन, काडी, बड काहीच नको. बाटलीने दूध देत असाल तर आडवं झोपवून देऊ नका, डोकं वर ठेवा. सर्दी झाली की लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, दोन कानांच्या मुलाला त्याने फार बिघडत नाही पण तुमच्या बाळाचा एकुलता एक चालू कान बंद होतो, तेव्हा सर्दीनंतर बोलणं कमी झालं, लक्ष देईनासं झालं तर लगेच दाखवा. कोणत्याही हॉस्पिटलमध्ये ॲडमिट करायची वेळ आली तर आधी सांगा की याला एकाच कानाने ऐकू येतं, जेंटामायसिन, अमिकासिन यासारखी इंजेक्शनं कानाला त्रास देऊ शकतात, दुसरा पर्याय असेल तर डॉक्टर तो देतील.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोक सांगतात. गालफुगी, म्हणजे गालगुंड. हा साधा आजार वाटतो पण त्याचा व्हायरस कधी कधी एका कानाचं ऐकणं कायमचं घालवतो, आणि तुमच्याकडे घालवायला दुसरा कानच नाहीये. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची एमआर लस मिळते, तिच्यात गालफुगी नसते. बालरोगतज्ज्ञांना एमएमआरबद्दल, म्हणजे जिच्यात गालफुगीही असते त्या लसीबद्दल, आत्ताच विचारून ठेवा आणि त्याची तारीख लसीच्या कार्डावर लिहून घ्या.

बरं, आता ते "लगेच भोक पाडा". नका पाडू. एवढंच लिहून थांबले तर मिस्टर ऐकणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे कान टोचण्यासारखं चामडीला भोक पाडणं नसतं. तिथे आत घट्ट हाड असतं, ते ड्रिलने कोरत मधल्या कानापर्यंत जायचं, आतली हाडं एकमेकांना चिकटलेली असतात ती मोकळी करायची, नवा पडदा लावायचा आणि पूर्ण बोगद्याला मांडीची किंवा दंडाची पातळ त्वचा लावायची. शिवाय चेहऱ्याची नस, म्हणजे जिच्यामुळे आपण डोळा मिटतो आणि हसतो ती, अशा कानांत नेहमीच्या रस्त्याने जात नाही, ती बऱ्याचदा पुढे आणि बाहेरच्या बाजूला सरकलेली असते, नेमकी ड्रिलच्या वाटेत. म्हणून आधी सीटी स्कॅन, आणि तोही पाच-सहा वर्षांचा झाल्यावर, आत्ता स्कॅन करून रेडिएशन देण्यात काहीच मिळवणं नाही कारण निर्णय आत्ता घ्यायचाच नाहीये. 1992 साली अमेरिकेतल्या जार्सडोर्फर यांनी या स्कॅनवर दहा मार्कांची एक पद्धत काढली, रिकिबीसारखं जे शेवटचं हाड असतं, स्टेपीज, त्याला दोन मार्क आणि बाकी मधल्या कानाची जागा, हाडांची साखळी, नसेचा मार्ग, आतल्या कानात आवाज शिरतो त्या दोन्ही खिडक्या वगैरेंना एक एक. आठ किंवा जास्त आले तर ऑपरेशनचा विचार करण्यासारखा, पाच किंवा कमी आले तर करूच नये. मधल्यांचं ते ऑपरेशन नेहमी करणाऱ्या अनुभवी सर्जनसोबत बसून ठरवायचं.

आठ मार्कवाल्यांमध्येही तो बोगदा कधी कधी पुन्हा आवळतो, त्यातून पाणी येत राहतं, दर काही महिन्यांनी साफ करावा लागतो, आणि सुरुवातीला आलेलं ऐकू येणं थोडं कमी होतं. डावा कान नॉर्मल असलेल्या मुलासाठी इतकं सोसायचं का, हा खरा प्रश्न आहे. मी स्वतः एका बाजूच्या अट्रेशियात भोक पाडण्यापेक्षा हाडातून ऐकायच्या मशीनकडे जास्त झुकते, सगळे सर्जन माझ्याशी सहमत होणार नाहीत, पण मी माझं सांगते.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, आठ वर्षांची, तिला दोन वर्षांची असताना कुठेतरी भोक पाडून दिलं होतं. ते भोक वर्षाच्या आत बुजलं. ऐकू तर आलंच नाही, पण कान नसलेल्या बाजूची सगळी त्वचा ओढली गेली होती, घट्ट, चकाकणारी, तिथे बोटाने उचलून बघितलं तर उचलली जात नव्हती. आणि बाहेरचा कान करायला नेमकी तीच मऊ, न दुखावलेली, नीट रक्तपुरवठा असलेली त्वचा लागते. प्लास्टिक सर्जननी तो कान केला, पण जे दोन टप्प्यांत झालं असतं त्याला चार वेळा भूल द्यायला लागली. त्यामुळे क्रम लक्षात ठेवा, बरगडीपासून कान करायचा असेल तर आधी बाहेरचा कान, भोकाचं काय ते नंतर. त्या जागेला मध्ये कुणी हात लावायचा नाही. ती शेंगदाण्याएवढी कूर्चा "दिसायला बरं नाही" म्हणून काढून टाकायची नाही, लोंबणारी पाळी तर अजिबात नाही, तीच पुढे नव्या कानाची पाळी होते. कान टोचायचा समारंभ कराल तेव्हा फक्त डावा टोचा, उजवी पाळी तशीच राहू दे. आणि मालिशवाल्या मावशी ओढून ओढून मोठा करून देते म्हणत असतील तर त्यांना नमस्कार करा. दुमडलेला कान पहिल्या काही आठवड्यांत साच्याने सरळ करता येतो हे खरं आहे, पण इथे कूर्चा मुळात कमी आहे, ओढून ती वाढत नाही.

मग बाहेरचा कान कधी आणि कसा? हे काम मला नेहमी बघत राहावंसं वाटतं म्हणून थोडं लांबेल. छातीच्या बरगड्या पुढे मधल्या हाडाला जिथे मिळतात तिथे हाड नसतं, कूर्चा असते, पांढरी, खोबऱ्याच्या कातळीसारखी चिवट. सर्जन चांगल्या कानावर जुन्या एक्स-रेची पारदर्शक फिल्म धरतात, पेनाने त्याची रेघ न रेघ उतरवतात आणि फिल्म उलटी करतात, झाला दुसऱ्या बाजूच्या कानाचा नकाशा. मग सहाव्या, सातव्या, आठव्या बरगडीची कूर्चा काढून त्या नकाशावर ठेवून कोरतात, सहावी आणि सातवी जोडलेली असते त्यातून कानाचा तळ, आठव्या लांब बरगडीतून बाहेरची गोल कड, बारीक तारेने सगळं बांधतात आणि त्वचेखाली कप्पा करून आत सरकवतात. मग बारीक नळीने आतली हवा ओढली की त्वचा त्या कोरीवकामावर बसते आणि टेबलावरच, डोळ्यांसमोर, कानाच्या घड्या वर येतात. सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यात तो डोक्यापासून उचलून मागे आधार देतात, तेव्हा चष्म्याची काडी टेकेल अशी खाच होते.

याची आजची पद्धत अमेरिकेतल्या टँझर यांनी 1959 मध्ये बसवली, पुढे ब्रेंट यांनी ती चार टप्प्यांत आणि साधारण सहा वर्षांपासून करायला सुरुवात केली, नंतर जपानच्या नागाता यांनी 1990 च्या दशकात दोन टप्प्यांवर आणली, पण त्यांची अट अशी की मूल दहा वर्षांचं हवं आणि छातीचा घेर 60 सेंटीमीटर हवा, कारण कूर्चा जास्त लागते. तुमच्या गावातले डॉक्टर सहा म्हणाले, दुसरे कुणी दहा म्हणतील, दोघंही बरोबर आहेत, पद्धत वेगळी आहे. मी आठ ते दहाच्या बाजूची आहे. छातीत पुरेशी कूर्चा असते आणि मूल स्वतः सांगू शकतं की मला हवाय. छाती काही दिवस बरीच दुखते, क्वचित फुप्फुसाभोवती हवा शिरते, त्वचा एखाद्या ठिकाणी काळी पडते, कूर्चा उघडी पडू शकते, हे सगळं ऑपरेशनआधी विचारून घ्या, आणि सर्जनना त्यांच्या स्वतःच्या पेशंटचे वर्षभरानंतरचे फोटो दाखवायला सांगा. महिन्याभराचे फोटो सगळ्यांचेच छान असतात. हेही नीट समजून घ्या की हा कान दिसण्यासाठी, चष्म्यासाठी, मास्कसाठी आहे, याने ऐकू येत नाही.

मिस्टर बघतात तो तीन वर्षांच्या मुलाचा कान म्हणजे सच्छिद्र पॉलिथिलिनचा साचा, मेडपोर वगैरे, अमेरिकेत राइनिश यांनी 1991 पासून तो वापरायला सुरुवात केली. त्यावर डोक्याच्या बाजूच्या त्वचेखालचा जिवंत पडदा फिरवून घालतात. छाती उघडायला लागत नाही, लवकर होतो, शाळेत जायच्या आधी होतो, हे फायदे खरे आहेत. पण ती परकी वस्तू आहे, वर्षांनंतर जोरात फटका बसून ती मोडली किंवा त्वचेतून बाहेर दिसायला लागली तर दुरुस्ती अवघड जाते, आणि आपल्याकडची मुलं गल्लीत टेनिस बॉलने खेळतात, झाडावरून पडतात, ते मी विचारात घेते. छापलेल्या कानाची बातमी 2022 ची आहे, अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून थ्रीडी प्रिंटरने केलेला कान बसवला, ती प्रयोगाची पहिली पायरी होती, आज तुम्ही हॉस्पिटलमध्ये जाऊन मागाल असा उपचार तो नाही. बाळ दहा वर्षांचं होईपर्यंत कदाचित असेलही, थांबण्याचा तोही एक फायदा. सिलिकॉनचा लावायचा-काढायचा कानही मिळतो, पण वाढत्या, धावत्या मुलांना तो सांभाळायचा कंटाळा येतो.

खर्चाबद्दल, जिथे जाल तिथल्या जन आरोग्य योजनेच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसलेला असतो, ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी त्याला विचारा, नंतर नाही. यात कोणते पॅकेज बसतं ते तोच बघून सांगेल.

एक मुलगा माझ्या लक्षात राहिलाय. दहाव्या वर्षी आईवडील ऑपरेशनसाठी घेऊन आले, सगळी तयारी झाली होती, आणि मी त्याला एकट्याला बसवून विचारलं तर म्हणाला मला नकोय, मित्रांना माहितीये, मला क्रिकेटचा सीझन सोडायचा नाहीये. आम्ही थांबलो. सतरा वर्षांचा झाल्यावर स्वतः आला, म्हणाला आता करा, आणि त्याचा कान सुंदर झाला, कारण कूर्चा भरपूर होती आणि ड्रेसिंगला तो एकदाही कुरकुरला नाही. थांबल्याने काही बिघडत नाही असं मी म्हणते ते हे बघून.

शाळेत घालाल तेव्हा बाईंना सांगा, मुलांकडे तोंड करून उभ्या राहिल्यावर तुमच्या डाव्या हाताच्या टोकाला बसवा, म्हणजे त्याचा डावा कान तुमच्याकडे राहील, आणि नेमकं उलटं होत नाहीये ना ते एकदा स्वतः बाकावर बसून बघून या. घरातही आतापासून सवय लावा, बोलताना डाव्या बाजूने जा, गाणी म्हणाल ती डाव्या कानाशी. तुमच्या नणंदेने बारशाला नाव त्या कानात सांगितलं ते अगदी योग्य केलं.

टोपड्याचं शेवटी सांगते. मार्च चालू आहे, बाळाला घामोळं येईल, आणि टोपड्याची कड डाव्या कानावरही येते, म्हणजे जो कान ऐकतो तोही तुम्ही दिवसभर झाकून ठेवताय. उद्या सकाळी अंघोळीनंतर काढा आणि घालूच नका. कुणी विचारलं तर सांगा, जन्मतःच एक कान लहान आहे, डावा तपासतोय, उजवा मोठा झाल्यावर करणार आहोत. दोन वाक्यं पुरतात, त्यापुढे कुणी फार विचारत नाही. मूलही पुढे हीच दोन वाक्यं तुमच्याकडून शिकेल आणि शाळेत तशीच सांगेल.

बेराच्या दिवशी एवढं करा. टेस्ट बाळ झोपेत असताना होते, त्यामुळे सकाळी त्याला नेहमीपेक्षा लवकर उठवा आणि एसटीत किंवा गाडीत झोपू देऊ नका, सासूबाईंना सोबत घ्या आणि वाटेत त्याला जागं ठेवायचं काम त्यांच्याकडे द्या. डोक्याला तेल लावून नेऊ नका, कपाळावरच्या आणि कानामागच्या पट्ट्या चिकटत नाहीत. अंगावरचं दूध तिथे पोचल्यावर, टेस्टच्या खोलीतच पाजा, म्हणजे तिथेच झोपेल. झोपेचं औषध देणार असतील तर मात्र दूध कधी द्यायचं ते आधी फोन करून विचारून घ्या. सर्दी असेल तर तारीख चार-पाच दिवस पुढे घ्या, त्याहून जास्त नाही. रिपोर्ट हातात आला की उजव्या बाजूसमोर "बोन कंडक्शन" असं लिहून आकडा दिलाय का ते बघा, नसेल तर तिथेच थांबून विचारा, आणि दोन्ही आकडे मला लिहून पाठवा.